प्रगतिपथावर

मार्च सरत आला की मुख्याधिकारी म्हणतात,
"बाई, अहवाल काढा."
मी गेल्या वर्षीची फाईल उघडते,
वरचं साल बदलते
आणि एकेक प्रभाग उतरत जाते खाली,
केप्याच्या बाजारापासून कुशावतीच्या काठापर्यंत.

नागरिकांनी सुचवलेली कामे : एकवीस.
पूर्ण : सहा.
त्यात मासळीबाजारातल्या गटाराचं झाकण आहे.
पिएदादने तीन वर्षं मागितलं ते,
आणि बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
त्यावरच टोपली मांडून बसली.
सोपोवाला म्हणाला, ही जागा पालिकेची.
ती म्हणाली, मग इतकी वर्षं घाण कोणाची होती रे?
अहवालात एवढंच :
झाकण, लोखंडी, एक.

स्मशानाच्या शेडला पत्रे आले.
तिस्कावरचा दिवा लागला.
तो दिवसाही जळतो,
पण लागला.
कुत्र्यांची गणना झाली, एकशे बारा.
मोजणारा शाबी सांगत होता,
काही दोनदा मोजले गेले असतील, बाई,
रंग सगळ्यांचा एकच,
आणि बिस्किट दिसलं की परत रांगेत येतात.

मग येतो प्रभाग सात.
व्हाळावरचा साकव.

तो देवकी वेळीपने मागितला होता,
चौथीत असताना.
चौकटीच्या वहीचं पान, पेन्सिल :
"शाळेत जाताना आम्हांला चपला हातात घ्याव्या लागतात."
मागणी एवढीच.
खाली सही, आणि सहीखाली
का कोण जाणे, एक मासा.
मी नवी होते नोकरीत.
आवक शिक्का कुठे मारायचा कळेना,
मारला माशाच्या शेपटीवर.

त्यानंतर दरवर्षी
सर्वेक्षण झाले.
अंदाजपत्रक झाले.
निविदा निघाली, एकच आली, परत गेली.
जमीन भाटकाराची की कोमुनिदादची, म्हणून पत्र गेले.
उत्तर आले, पत्र पोचले म्हणून.
इंजिनियर मयेकर दोन्ही काठांवर
लाल खुंट्या रोवून आले,
बूट झटकत म्हणाले, चाळीस टक्के लिहा.
मी लिहिलं.
त्यातल्या एका खुंटीला आता गाय बांधतात.

एका वर्षी चाळीसचे चौदा टाईप झाले माझ्याकडून.
कोणी विचारलं नाही.

लोकांनी पोफळीची दोन खोडं टाकली आडवी.
आषाढात वाहून जातात,
चवथीआधी पुन्हा टाकतात,
माटोळीचं सामान घेऊन त्यावरून जातात तोल सांभाळत.
ह्याला आमच्या भाषेत
"पर्यायी व्यवस्था उपलब्ध."

काल खिडकीशी एक बाई आली.
कडेवर मूल. जन्मदाखला हवा होता.
आईचं नाव?
देवकी.
माहेर?
तिने वाडा सांगितला, आणि माझं पेन थांबलं.
खिडकीतून वाकून मी तिचे पाय पाहिले.
चपला पायातच होत्या.
अर्थात, मार्चमध्ये व्हाळाला पाणी कुठलं.

म्हटलं, तू साकव मागितला होतास, आठवतं?
ती हसली. "साकव? मी?
नाही हो बाई, दुसरी कोणी असेल."
मूल माझ्या रबरी शिक्क्याकडे हात करत होतं.
शाई नको लागायला म्हणून तिने त्याची मूठ धरली,
दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला
आणि तिळामळच्या बससाठी पळाली.

अकरा मिनिटांत झालं काम.
ह्या वर्षातलं सगळ्यात जलद,
आणि ते लिहायला रकाना नाही.

संध्याकाळी प्रभाग सातपुढे
चाळीस होते ते चाळीसच ठेवले.
फक्त शेवटी एक परिशिष्ट जोडलं,
त्या पानाची झेरॉक्स.
पेन्सिल पुसट झालीय, अक्षरं लागत नाहीत.
साहेब विचारतील, हा मासा कसला?
विचारू देत.
शेपटीवरचा आवक क्रमांक
अजून स्वच्छ वाचता येतो.